कोठडीतल्या मारहाणीचा दावा सुनावणीपर्यंत पोहोचू द्या: महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरून कारागृहातल्या बंद्यांची कामे पाहतो. आपल्याकडे एकच मागणी घेऊन आलो आहे. पोलिसांनी कोठडीत मारले असे ज्याचे म्हणणे आहे, त्याचा नुकसानभरपाईचा दावा निदान साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचला पाहिजे. तो खरा की खोटा हे न्यायाधीश ठरवतील. आज तो त्यांच्यासमोर येतच नाही. नोटीस, मुदत, कोर्ट फी, तारखेची हजेरी आणि पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे पुसले गेलेले चित्रण, यांतच तो अडकून संपतो. यातला सगळ्यात मोठा अडथळा या सभागृहाच्याच कायद्यात आहे, म्हणून हे पत्र न्यायालयाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम १६१. पोलीस अधिकाऱ्याने कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराची मर्यादा ओलांडून काही गैर केले, तर त्या कृत्यापासून सहा महिन्यांनंतर आणलेला दावा न्यायालयाने घ्यायचाच नाही, घेतला असेल तर फेटाळायचा. शिवाय दाव्याआधी त्या अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस द्यायची. नोटिशीत झालेल्या अन्यायाचे पुरेसे वर्णन नसेल, तरी दावा फेटाळला जातो. फौजदारी खटल्याला राज्य सरकारची पूर्वमंजुरी मिळाली तर दोन वर्षांपर्यंत मुभा आहे, दिवाणी दाव्याला तीही नाही. सरकारलाही प्रतिवादी करायचे असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची वेगळी नोटीस लागते.

ही रचना स्वतंत्र भारताने विचारपूर्वक केलेली नाही. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या ४२व्या कलमात हाच सांगाडा दिसतो: तीन महिन्यांची मुदत, एक महिन्याची नोटीस. १८५७ नंतरच्या सरकारला आपल्या शिपायांना रयतेच्या दाव्यांपासून वाचवायचे होते, आणि त्या सरकारच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते. आपण मुदत तीनाची सहा महिने केली आणि बाकीचे तसेच ठेवले.

ज्याला मार बसला त्याचे हे सहा महिने कसे जातात, ते पाहा. अटक झाली, पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी झाली, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी होऊन माणूस कारागृहात आला. साठ किंवा नव्वद दिवसांनी दोषारोपपत्र. खालच्या कोर्टात जामीन फेटाळला, सत्र न्यायालयात फेटाळला, मग उच्च न्यायालयाच्या तारखेची वाट. या काळात घरच्यांना एकच गोष्ट हवी असते, माणूस बाहेर यावा. आणि त्यांना सगळे, कधी कधी त्यांचा वकीलसुद्धा, हेच सांगतात की आता पोलिसांविरुद्ध तक्रार केलीस तर जामिनाला आणखी विरोध होईल. हा सल्ला मी स्वतः ऐकला आहे, आणि देणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही, कारण तो बहुतेक वेळा खरा असतो. माणूस सुटतो तेव्हा कलम १६१ ची मुदत गेलेली असते.

कोणी म्हणेल, उशीर माफ करून घ्यावा. मुदत अधिनियमाच्या कलम ५ खालची माफी अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ६ मध्ये अल्पवयीन आणि मनोविकल व्यक्तींना मुदतीची सवलत दिली आहे. बंदिवासात असलेल्याला दिलेली नाही. ज्याच्याकडे कागद नाही, पेन मागावे लागते, ज्याचे प्रत्येक पत्र तुरुंग अधिकाऱ्याच्या हातून जाते, त्याला कायदा मोकळ्या माणसाइतकाच सक्षम धरतो. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळून मिळायला हवा, पण त्यावरही प्रतिवादीचा वकील वाद घालतो आणि त्या वादात वर्ष जाते.

मारणे हे ‘कर्तव्याच्या नावाखाली’ कसे, हा प्रश्न आपल्याला पडला असेल. सर्वोच्च न्यायालयालाही पडला होता. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध एन. वेणुगोपाल या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायालयाने म्हटले की संशयिताला छळण्याचा पोलिसांच्या कायदेशीर कर्तव्याशी काही संबंध नाही, त्यामुळे मद्रासच्या पोलीस कायद्यातली मुदतीची ढाल अशा पोलिसांना मिळणार नाही. पण त्याच सुमारास विरूपाक्षप्पा कदमपूर यांच्या प्रकरणात आपल्याच कायद्याच्या कलम १६१ चा अर्थ लावताना खोटा पंचनामा करणे हेही कर्तव्याच्या नावाखालचे कृत्य ठरले. आणि २०२० साली देवराजा विरुद्ध ओवेस सबीर हुसेन या बंगळुरूच्या प्रकरणात, जिथे कोठडीतल्या मारहाणीचाच आरोप होता, न्यायालय म्हणाले की अधिकारी मर्यादा ओलांडून वागला तरी त्या कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर खटल्याला सरकारची मंजुरी लागेल.

त्यामुळे प्रत्येक दाव्यात पहिला प्रश्न हाच येतो. लेखी कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, पहिली हरकत कलम १६१ ची. तो प्राथमिक मुद्दा म्हणून काढला जातो, त्यावर युक्तिवाद, निकाल, मग पुनर्विलोकन अर्ज. अंगावर मार होता की नाही, यावर अजून कोणी एक शब्द बोललेले नसते.

आता पुराव्याकडे वळतो, कारण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट तिथे आहे.

१९८३ चा शीला बर्से निकाल मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातून निघाला. बर्से या पत्रकार होत्या. त्या तुरुंगात पंधरा स्त्री-बंद्यांना भेटल्या, त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. निकालात एक साधा आदेश आहे: अटक केलेली व्यक्ती समोर आणली की दंडाधिकाऱ्याने तिला विचारायचे, कोठडीत छळ झाला का, आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा तुला हक्क आहे, हे तिला सांगायचे. महाराष्ट्रातून निघालेला हा आदेश आज देशभर लागू आहे.

प्रत्यक्षात काय होते? रिमांडच्या कोर्टात बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या कामांची यादी, भरलेला असतो. आरोपीच्या दोन्ही बाजूंना तेच शिपाई उभे असतात ज्यांच्यासोबत तो रात्री परत जाणार आहे. प्रश्न विचारला जातो, उत्तर ‘नाही’ येते, कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, रोजनाम्यात, ‘पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’ अशी ओळ पडते. दोन वर्षांनी दिवाणी दाव्यात उलटतपासणीच्या वेळी सरकारी वकील तीच ओळ काढून वाचतात. सरकारी रुग्णालयातल्या तपासणीचेही तसेच. डॉक्टरच्या खोलीत पोलीस हजर असतात. डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटकेच्या वेळी मागणी झाल्यास अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद करायची, त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या, प्रत आरोपीला द्यायची, आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करायची. ती प्रत हातात असलेला बंदी मला आजवर भेटलेला नाही.

एक कागद मात्र बऱ्याचदा खरे बोलतो. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम २४ नुसार बंदी दाखल होताना तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला तपासायचे आणि अंगावरच्या जखमा, खुणा नोंदवायच्या. तुरुंगाला ही नोंद नीट करण्यात स्वतःचा स्वार्थ असतो. मागची जखम आपल्या माथी येऊ नये म्हणून तुरुंगाचा कर्मचारी ती लिहून ठेवतो. माझ्याकडच्या एका कामात डाव्या मनगटाचे हाड मोडल्याचे पहिल्यांदा कुठे उमटले असेल, तर या नोंदीत. रुग्णालयाच्या कागदावर आदल्या दिवशी ‘जखमा नाहीत’ असे होते. ती नोंद असल्याचे मला कळेपर्यंत कलम १६१ ची मुदत गेली होती, आणि तिची प्रमाणित प्रत मिळवायला आणखी कित्येक महिने लागले.

आणि मग कॅमेरा. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या निकालात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, ठाणे अंमलदाराची जागा, मागचा भाग, स्वच्छतागृहाच्या बाहेर, सगळीकडे. आवाजही टिपला पाहिजे, अंधारातही दिसले पाहिजे, आणि चित्रण १८ महिने टिकले पाहिजे. तेवढ्या क्षमतेचे यंत्र बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त मिळेल तेवढे, पण वर्षाच्या आत नाही. त्यानंतर जवळपास पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांत चालू कॅमेरे नसल्याच्या बातमीची त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

समजा कॅमेरा आहे, चालू आहे, चित्रण १८ महिने राहते. तरी दिवाणी दाव्याचे वेळापत्रक मांडून पाहा. नोटीस, मग वादपत्र. समन्स बजावणी. लेखी कैफियतीला ३० दिवस, वाढवून ९० दिवस, व्यवहारात त्याहून जास्त. मग मुद्दे निघणार. त्यानंतर कागदपत्रे हजर करायला लावण्याचा अर्ज, त्यावर म्हणणे, त्यावर आदेश. गरीब बंद्याने कोर्ट फी माफीसाठी अकिंचन म्हणून अर्ज केला असेल तर दावा नोंदवण्याआधी त्याच्या गरिबीचीच चौकशी होते, सरकारी वकिलाला नोटीस जाते. दीड वर्षात आपण त्या टप्प्याच्या आसपासही नसतो. माहिती अधिकारात चित्रण मागितले की तपासात अडथळा येईल, असे कारण देऊन नकार येतो. आणि एक दिवस ठाण्याकडून पत्र येते की साठवण क्षमता संपल्यामुळे जुने चित्रण आपोआप पुसले गेले आहे. विहीर आटल्यावर बादली हातात मिळावी, तशी ही आपली प्रक्रिया आहे.

अमेरिकेतल्या पद्धतीचा उल्लेख करतो, कारण तिथे नेमक्या या टप्प्यावर बराच विचार झाला आहे, चांगला आणि वाईट दोन्ही. १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली तिथला कैदी पोलिसावर व्यक्तिशः दावा लावू शकतो. त्याने हाताने लिहिलेल्या वादपत्राकडे वकिलाच्या मसुद्याची फूटपट्टी लावून पाहू नये, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली हेन्स विरुद्ध कर्नर खटल्यात सांगितले. कैद्याने अपिलाची नोटीस तुरुंग अधिकाऱ्याच्या हातात दिली त्या क्षणी ती दाखल झाली, कारण पुढची टपालयात्रा त्याच्या हातात नाही, हे १९८८ साली ठरले. सुनावणीपूर्वीच दोन्ही बाजूंनी एकमेकांना कागदपत्रे आणि चित्रण दाखवायचे असते. दावा होणार हे दिसत असूनही कोणी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट केली, तर ती त्याच्या विरुद्धच होती असे धरायला ज्युरीला सांगता येते. संघीय दिवाणी नियमांत ही तरतूद २०१५ पासून नेमक्या शब्दांत आहे.

पण त्याच देशाने १९९६ साली कैद्यांचे दावे रोखणारा कायदा केला. आधी तुरुंगातली तक्रारव्यवस्था शेवटच्या पायरीपर्यंत वापरलीच पाहिजे, नाहीतर दावा बाद. गरीब कैद्यालाही पूर्ण फी हप्त्याहप्त्याने भरावी लागते. त्यावर पोलिसांना ‘पात्र संरक्षण’ आहे: नेमके असेच वागणे घटनाबाह्य असल्याचे आधी स्पष्ट ठरलेले नसेल, तर अधिकारी सुटतो. कित्येक दावे या दोन दारांवरच पडतात. जून २०२५ मध्ये मिशिगनच्या एका कैद्याच्या प्रकरणात प्रश्न असा होता की तक्रारीचे फॉर्मच अधिकाऱ्याने फाडले असा कैद्याचा आरोप असेल, तर त्याने तक्रारव्यवस्था वापरली की नाही हे ठरवायचे कोणी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो वाद मूळ आरोपातच गुंतलेला असेल तर ज्युरीने ठरवायचे. म्हणजे दावा दाराशीच मारण्याची युक्ती त्यांनाही नवीन नाही. आपण त्यांच्याकडून चित्रण जपण्याचा नियम घ्यावा आणि १९९६ चा कायदा घेऊ नये.

काही सदस्य विचारतील, मूलभूत हक्कांसाठी थेट वरच्या न्यायालयात करायची रिट याचिका आहेच ना? आहे. १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत मेलेल्या बावीस वर्षांच्या मुलाच्या आईला दीड लाख रुपये दिले. त्याआधी सोलापुरात एका कच्च्या कैद्याला बेड्या घालून रस्त्याने फिरवले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने दहा हजारांची भरपाई पोलीस निरीक्षकाने स्वतः द्यावी असे म्हटले होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम कायम ठेवली, पण भार राज्यावर टाकला. रिटमध्ये घटना वादग्रस्त ठरली की उच्च न्यायालय म्हणते, दिवाणी न्यायालयात जा, आणि दिवाणी न्यायालयाच्या दारावर कलम १६१ उभे असते. परभणीत न्यायालयीन कोठडीत मृत्यू झालेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात २०२५ साली औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे हरले. त्या विद्यार्थ्याच्या आईच्या लढ्याबद्दल मला अतिशय आदर आहे. पण ज्याचे फक्त हाड मोडले, कानाचा पडदा फाटला, तळपाय सुजून महिनाभर चालता आले नाही, त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही, मोठा वकील येत नाही. त्याच्याकडे असतो फक्त दिवाणी दावा.

पोलिसांच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगतो. अटक करताना बळ वापरण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे, आणि पळून जाणे रोखण्याइतके बंधन घालण्याचाही. खोट्या तक्रारीही येतात. बारा-चौदा तास ड्युटी केलेल्या शिपायावर आयुष्यभर दाव्याची टांगती तलवार असू नये, ही अपेक्षा मला मान्य आहे. पण खोटी तक्रार सहा महिन्यांच्या मुदतीने पकडली जात नाही. ती चित्रणाने पकडली जाते, पहिल्याच तारखेला. ज्या शिपायाने हात उचलला नाही, त्याला चित्रण जपण्याची भीती असायचे कारण नाही.

आता आपल्याकडून काय हवे. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे, कलम १६१ आपणच बदलू शकता. कोठडीत किंवा अटकेदरम्यान शरीराला झालेल्या इजेचा दावा त्या कलमातून पूर्ण वगळा. तेवढे जमत नसेल तर मुदत कोठडीतून सुटल्याच्या दिवसापासून मोजा. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत आहे, तिथेही महाराष्ट्राला हात लावता येतो. न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राचा वाद आधी ठरवायला लावणारे संहितेतले कलम ९-अ याच विधिमंडळाने १९७७ साली घातले आणि २०१८ साली काढले. तेव्हा एवढे करा: बंद्याने दंडाधिकाऱ्यापुढे, कारागृह अधीक्षकाकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे, साध्या कागदावर किंवा तोंडी केलेली मारहाणीची पहिली तक्रार हीच कलम १६१ ची आणि कलम ८० ची नोटीस समजली जावी. ती मिळाल्यापासून सात दिवसांत त्या काळातले सगळे चित्रण, स्टेशन डायरीची पाने आणि तुरुंगाची वैद्यकीय नोंद सीलबंद होऊन जिल्हा न्यायालयात जमा व्हावी, आणि वैद्यकीय नोंदीची प्रत बंद्याला त्याच आठवड्यात मिळावी. आज सैनी निकालाचा आधार घेऊन मानवी हक्क आयोगाला गंभीर इजेच्या तक्रारीत चित्रण ताब्यात घेता येते. पण प्रत्येकाला आधी आयोग गाठायला लावणे हा उपाय नाही.

चित्रण जपण्याची नोटीस पोहोचल्यानंतर ते नाहीसे झाले, तर इजा पोलिसांनीच केली असे न्यायालयाने गृहीत धरावे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर असावा. याच्या जवळ जाणारी शिफारस विधी आयोगाने १९८५ साली, आपल्या ११३व्या अहवालात केली होती. पुरावा कायद्यात कलम ११४-ब घालायचे सुचवले होते. चाळीस वर्षांत ते झाले नाही, आणि २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियमही त्याशिवायच आला.

दोन गोष्टी तर केवळ शासन निर्णयाने होतील. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. मग त्याच्या या दाव्याची कोर्ट फी सरसकट माफ करा आणि गरिबीची चौकशी बंद करा. आणि ज्या ठाण्याच्या पोलिसांविरुद्ध दावा आहे, त्या ठाण्याचा एकही माणूस त्या बंद्याच्या गार्डमध्ये असू नये. तारखेला नेताना ज्यांच्या गाडीत बसायचे, त्यांच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहून बोलायला फार धैर्य लागते. ते सगळ्यांकडे असेल असे धरून कायदा करता येत नाही.

येत्या अधिवेशनात कलम १६१ च्या दुरुस्तीचे अशासकीय विधेयक मांडायला आपल्यापैकी एक सदस्य पुरेसा आहे. पक्ष कोणताही असो, मसुदा तयार करून द्यायला मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत, आणि तो कोणत्याही मोबदल्याशिवाय देऊ.

आपला नम्र,
जिल्हा न्यायालयातील एक वकील